बॅचलरेटसाठी पाहुण्यांना अनुप्रासाची टोपणनावं सुचवा (नाशिक)

करवली

नमस्कार मंडळी. ताईचं लग्न फेब्रुवारीत आहे. केळवणं चालूच आहेत, पण त्याशिवाय आम्ही तिची बॅचलरेट (लग्नाआधीची मैत्रिणींची पार्टी) करतोय, गंगापूर धरणाच्या बाजूला एका बंगल्यावर. प्रत्येकीला साटीनची सॅश (खांद्यावरून तिरका घालायचा पट्टा) द्यायची आणि तिच्यावर नुसतं नाव न टाकता नावाच्याच अक्षराचं एखादं छान विशेषण लावायचं, असं ठरलंय. नेटवर याद्या ढिगाने आहेत, पण सगळ्या इंग्रजी. 'ग्लॅमरस गौरी', 'ब्यूटिफुल भाग्यश्री', 'क्यूट क्षितिजा'. वाचून मलाच झोप आली. मराठीत हवंय.

येणाऱ्या: मृण्मयी (नवरी), गौरी, भाग्यश्री, जुई, चारू, ऋतुजा, क्षितिजा, ज्ञानदा, ईशा, सायली, फातिमा, डिंपल. शिवाय आमची आत्या, मावशी, वहिनी आणि ताईची होणारी नणंद ज्योत्स्नाताई. या चौघी आल्यामुळे प्रकरण नाजूक झालंय. मी काढलेली काही नावं: गुबगुबीत गौरी, साधीसुधी सायली, चटपटीत चारू, जबरदस्त जुई, वजनदार वहिनी (म्हणजे घरात तिच्या शब्दाला वजन आहे म्हणून). ऋ, क्ष, ज्ञ यांच्यापुढे मी हात टेकले.

गोदाकाठची

अगं, 'वजनदार वहिनी' छापलंस तर लग्नाला वहिनी येणार नाही आणि दादाही येणार नाही!

चेष्टा सोड, पण पहिला नियम हाच ठेव. शरीराबद्दल एक अक्षर नको. जाड, बारीक, उंच, गोरी, सावळी, काही नको, कौतुकाने म्हटलं तरी नको. 'गुबगुबीत' आजी नातीला म्हणते तेव्हा गोड वाटतं. तिशीतल्या बाईच्या छातीवर आडवं छापलेलं नाही वाटत. 'साधीसुधी'ही काढ. सायलीला ते 'हिच्याबद्दल काही सुचलं नाही' असं ऐकू येईल.

मराठीत दुहेरी अर्थाची विशेषणं फार. 'तयार', 'पोचलेली', 'चालू', 'भारदस्त', 'ठसकेबाज'. मैत्रिणी हसतील, पण सॅशवर ते कायमचं राहतं आणि फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. म्हणूनच 'मादक मृण्मयी' वगैरे कुणी सुचवलं तर तिथेच थांबव. तो फोटो सासरे बघणार आहेत.

स्वरव्यंजन

करवलीताई, तुमचा प्रश्न अक्षराचा नाही, कानाचा आहे. अनुप्रास ऐकू यायला लागतो. लिहिताना जुळलेलं बोलताना पार सुटतं, ते असं.

मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चारू'मधला च तालव्य (जीभ टाळूला लागते), जसा 'चहा'तला. 'चटपटीत'मधला च दंत्य (जीभ दातांकडे जाते), 'चमचा'तला. अक्षर एकच, पण मोठ्याने म्हणून बघा, जुळत नाही. 'जबरदस्त जुई'चं तेच: जबरदस्तचा ज 'जहाज'मधला, जुईचा 'जग' म्हणजे दुनिया, त्यातला. त्यापेक्षा 'चतुरस्र चारू' म्हणा, 'जगन्मित्र जुई' म्हणा. दोन्हींत तालव्यच उच्चार आहे. ढोबळ खूण सांगतो: संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा तालव्य असतात. शिवाय च, ज यांना इ, ई किंवा ए लागला की उच्चार तालव्यच होतो. म्हणून 'जिगरबाज', 'जिंदादिल' हे ज्योत्स्ना किंवा जुई कुणालाही चालतील.

'ब्यूटिफुल भाग्यश्री'ही चुकीचंच. ब आणि भ वेगळे.

आणि तुम्हाला जे अवघड वाटतंय तेच खरं सोपं आहे. आपण ऋ-चा उच्चार 'रु' करतो. म्हणजे 'रुबाबदार ऋतुजा'. ज्ञ आपण 'द्न्य' म्हणतो, म्हणून 'दिलदार ज्ञानदा'. कागदावर डोळ्याला खटकेल, पण टेबलापलीकडून हाक मारून बघा. हिंदीत ज्ञ-चा 'ग्य' होतो, त्यामुळे तिकडच्या पाहुणीला हे कळणार नाही, तेवढं सांभाळा.

क्षितिजाला मात्र मन मोठं करावं लागेल. क्ष म्हणजे क् आणि ष. पहिला क् धरून 'कर्तबगार क्षितिजा' चालून जाईल. 'क्षमाशील क्षितिजा' अक्षराने चोख आहे, पण तिने कुणाला काय क्षमा केली, हा प्रश्न पार्टीत निघायला नको.

करवली

'दिलदार ज्ञानदा'!!! मी मोठ्याने म्हणून बघितलं, शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं काय झालं. स्वरव्यंजन, आभार. ज्ञानदा खरोखरच दिलदार आहे. कॉलेज रोडवर आम्ही काहीही खाल्लं की पैसे तीच देते.

सातपूरचा_बाप्या

हे बॅचलरेट म्हणजे काय नवीन फॅड? आमच्या वेळी हळद, मेंदी, संपलं. आता सॅश आणि टोपणनावं. परदेशातलं उचलायचं आणि मराठी विशेषणं लावायची.

गोदाकाठची

काका, परदेशातलं आहेच, कोण नाही म्हणतंय. अमेरिकेत बॅचलरेट, इंग्लंडात हेन पार्टी. सॅश, मुकुट, एकसारखे टीशर्ट सगळं तिकडचंच. पण बायकांनी एकत्र जमून नावाचा खेळ करणं आपल्याकडे नवीन आहे का? उखाण्यात काय करतो आपण? नवऱ्याचं नाव ओळीत बसवायला वाक्य वाकवतो. फरक इतकाच की तिथे नाव त्याचं असतं. इथे एकदाचं प्रत्येकीचं स्वतःचं आहे.

पंचवटीकर

दोघांचंही ऐकून घेतो. मी निवृत्त मराठी शिक्षक, त्यामुळे मला यात रस आहे.

पहिल्या अक्षरावरून नाव काढणं आपल्याला मुळीच परकं नाही. बारशाला भटजी काय करतात? नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. भरणीला ली, लू, ले, लो. त्या अक्षरासाठी आख्खं घर डोकं खाजवत बसतं, तुम्ही आज बसलात तसंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत तर अजून कित्येक घरांत आहे. तिथे मुलीला कुणी विचारत नाही. तुमच्या सॅशवर निदान तिच्या मनासारखं असावं, एवढंच.

टोपणनावाने माणूस लहान होत नाही. वामनपंडितांना 'यमक्या वामन' म्हणत, त्यात कौतुकही होतं आणि किंचित टोलाही. आपल्या नाशिकचंच घ्या. शिरवाडकरांनी कवितेसाठी नाव घेतलं ते धाकट्या बहिणीवरून: कुसुमचा अग्रज, म्हणून कुसुमाग्रज. १९८७चं ज्ञानपीठ मिळालं, त्यांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन झाला, आणि या सगळ्यात त्या बहिणीचं नाव राहिलं. भावाबहिणींची ती गोष्ट खरी होती म्हणून ते नाव टिकलं. तुमच्या विशेषणांत ज्ञानदाचं टिकेल, कारण पैसे ती देते. बाकीच्यांचं काय? अक्षर शोधण्याआधी ती बाई काय करते ते शोधा.

सिडकोची_सून

पंचवटीकर काकांना अनुमोदन.

मी चुलत नणंदेच्या वेळी हेच केलं होतं. शब्दकोश उघडून बसण्याऐवजी नवरीला एकेकीबद्दल विचारलं: ही अडचणीत काय करते? हिच्याबद्दल तू दुसऱ्यांना काय सांगतेस? उत्तरांत विशेषणं सापडतात. एक मैत्रीण रात्री कितीही वाजता फोन उचलते असं कळलं, ती भाग्यश्रीच होती, योगायोग बघा. 'भन्नाट भाग्यश्री' कुठल्याही भाग्यश्रीला लागतं. 'भरवशाची भाग्यश्री' ऐकून ती गप्पच झाली.

करवली, तुझ्या यादीतल्या जणी काय काय करतात ते टाक ना. असं हवेत कोण सुचवणार?

करवली

बरं, घ्या.

गौरी गडांवर फिरते. अंजनेरी, हरिहर, साल्हेर, सगळं पालथं घातलंय. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवरचा तिचा फोटो बघून तिच्या आईने आठवडाभर अबोला धरला होता. भाग्यश्री सीए, लग्नाचा सगळा हिशेब तिच्याकडे. जुईला शहरात ओळखत नाही असा माणूस नाही. चारू भरतनाट्यम शिकवते, ओझरला नोकरी करते, वर चित्रं काढते. ऋतुजा वकील, कोर्टात नुसती चालत आली तरी लोक बाजूला होतात. क्षितिजाने निफाडची वडिलांची द्राक्षबाग हातात घेतली, छाटणीपासून निर्यातीपर्यंत. ईशा प्रचंड नटते. सायली कमी बोलते, पण जे बोलते त्यावर सगळे लोळतात. फातिमा जेवायला घालते, तिच्या हातची बिर्याणी खाल्ली की माणूस दुसरीकडे खात नाही. डिंपल देवळालीची, बुलेट चालवते.

आत्या सगळ्यांची भांडणं मिटवते. मावशी चेहरा न हलवता विनोद करते. वहिनीचं सांगितलंच. ज्योत्स्नाताईंना मी दोनदाच भेटलेय. हसतमुख आहेत, एवढंच माहीत आहे.

कोल्हापुरी_ठसका

गौरीला 'गडवेडी गौरी'. विषय संपला.

डिंपलला डॅशिंग. इंग्रजी असलं तरी आता आपलंच आहे, आमच्याकडे तर आमदाराच्या फ्लेक्सवरबी असतंय.

कुणी नेहा, नम्रता असती तर 'नादखुळा' दिलं असतं. नाशिकला शब्द उसना देतो, परत केला नाही तरी चालंल.

गोदाकाठची

'गडवेडी' ट्रेकवाल्यांत मान आहे, मान्य. पण सॅश तिरकी असते हो. खांद्यावर पदर किंवा केस आले की 'गड' झाकला जाणार आणि फोटोत फक्त 'वेडी गौरी' दिसणार.

कोल्हापुरी_ठसका

हे ध्यानात आलं न्हवतं.

पंचवटीकर

'गरुडझेप गौरी'. कुठूनही झाकलं तरी उरलेला भाग चांगलाच आहे.

स्वरव्यंजन

वा! काकांचं घ्या.

सायलीला 'सणसणीत' म्हणणार होतो, पण तो शब्द बहुधा थपडेला लागतो. 'समयसूचक' कसं? नेमका तोच गुण आहे तिच्यात. 'सूचक सायली'ही चालेल, पण त्यात गूढ काहीतरी सुचतं. मावशी 'मिश्कील', यावर चर्चाच नको. आत्याला 'अष्टपैलू' लोक डोळे मिटून देतात. भांडणं मिटवणाऱ्या बाईला मी 'अजातशत्रू आत्या' म्हणेन.

ईशाची अडचण वेगळी. ई-ने सुरू होणारी कौतुकाची विशेषणं जवळजवळ नाहीत. 'इरसाल ईशा' कानाला फक्कड लागतं, पण इरसालचा अर्थ आता बेरकी असा झालाय. मैत्रिणीने म्हणावं, छापू नये. एक पळवाट आहे. अनुप्रास व्यंजनांचा धरतात, स्वरांना तितकं कडक लावून घेत नाहीत. जुन्या इंग्रजी काव्यात तर कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळलेला मानत. तेव्हा 'ऐटदार ईशा' बिनदिक्कत घ्या. नटणारीला याहून चांगलं काय?

देवळाली_कॅम्प

फातिमाला 'फर्मास फातिमा' द्या. स्वयंपाकालाही लागतं, माणसालाही लागतं, आणि हा शब्द हल्ली कुणी वापरत नाही त्यामुळे सॅशवर बघून मोठ्या बायकांना आनंद होईल.

एक सुचवते, राग नसावा. डिंपलला इंग्रजी आणि बाकी सगळ्यांना मराठी असं झालं तर ती वेगळी पडेल. मी स्वतः सिंधी आहे, लहानपणापासून इथेच, आणि हे मला लगेच जाणवतं. तिला विचारा. कदाचित तिला डॅशिंगच आवडेल, कदाचित 'डौलदार' म्हणाल तर जास्त खूश होईल. बुलेटवर बसलेली बाई डौलदारच दिसते.

करवली

हे माझ्या लक्षातच आलं नसतं. लगेच विचारलं. डिंपल म्हणाली, "डौलदार. और मराठी में लिखना, मुझे मम्मी को दिखाना है."

सिडकोची_सून

अरे वा!

वहिनीचं राहिलं. 'वाघीण' नको, घराघरात तीच वाघीण. शब्दाला वजन आहे ना तिच्या? मग 'वचनाची वहिनी'? की 'विश्वासाची वहिनी'?

गोदाकाठची

'वचनाची' म्हणजे लग्नाआधीच्या आणाभाका वाटतात. 'वटदार' हा शब्द आहे का? घरात तिचीच वट असते, असं आपण म्हणतोच की.

कोल्हापुरी_ठसका

वट असणारी ती 'वस्ताद वहिनी'. तालमीत वस्तादापुढं कोण बोलत न्हाई.

करवली

वस्ताद वहिनी!!! दादाला सांगितलं, तो म्हणाला माझा विचार कुणीच केला नाही.

आता ज्योत्स्नाताई. 'जिंदादिल' चांगलं आहे, पण मी त्यांना ओळखत नाही. खोटं कौतुक लगेच कळतं ना? नणंदेच्या बाबतीत तर नक्कीच.

सिडकोची_सून

कळतं. आणि तिची चूक नसते. दोन्हीकडच्या बायकांत ती एकटीच त्या बाजूची. सगळ्यांच्या सॅशवर काहीतरी खरं आणि हिच्यावर ठोकळेबाज शब्द, हे ती पहिल्या पाच मिनिटांत हेरेल. तिच्या भावाला विचार, म्हणजे तुझ्या होणाऱ्या जिजूंना. बहिणीबद्दल एक किस्सा सांगा म्हण. भाऊ आधी उणंदुणं काढतील, ते सोडून द्यायचं, त्यानंतरचं धरायचं.

पंचवटीकर

आणि छापण्याआधी प्रत्येकीला तिचं नाव खासगीत कळवा. गंमत थोडी कमी होईल, होऊ द्या. ज्याला जे नाव दिलं ते त्याला पटलंय की नाही हे शंभर जणांसमोर कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं.

सातपूरचा_बाप्या

शिक्षक महाशय, शंभर नाही, सोळाच आहेत.

(धागा पूर्ण वाचला. 'अजातशत्रू आत्या' आवडलं. माझ्या बहिणीला म्हणून बघतो.)

करवली

जिजूंना विचारलं. आधी म्हणाले "ती हट्टी आहे." मग म्हणाले, त्यांच्या बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा ज्योत्स्नाताईंनी महिनाभर रोज नाशिक रोडहून डबा नेला, आणि वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटनाही तिच्याच डब्यातून मिळायचं. सगळे तिची वाट बघायचे.

स्वरव्यंजन

'जिव्हाळ्याची ज्योत्स्ना'. जि आणि ज्यो दोन्ही तालव्य, शंकाच नको.

छपाईवाला

उशिरा आलो. माझं छपाईचं काम आहे, सिडकोत. तुम्ही नावं ठरवाल, पण 'जिव्हाळ्याची ज्योत्स्ना' सॅशवर बसवताना दुकानदाराच्या डोक्याला ताप होणार, म्हणून लिहितोय.

साटीनवर बहुतेक जण व्हिनाइल (पातळ प्लास्टिकचा कागद) कापून हीट प्रेस मारतात, म्हणजे गरम दाबून चिकटवतात. देवनागरीचा एक फायदा आहे, शिरोरेषेमुळे आख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, अक्षरं वाकडीतिकडी चिकटत नाहीत. तोटा अनुस्वाराचा. तो ठिपका सुटा असतो, सोलताना हरवतो किंवा दोन धुण्यांत पडतो. 'जिंदादिल' घेतलं असतं तर 'जिदादिल' झालं असतं. तुमच्या आताच्या यादीत अनुस्वार फक्त डिंपलला आहे, त्याला ठिपका जाड ठेवायला सांगा. क्ष, ज्ञ यांच्या आतल्या पोकळ्या बारीक असतात, त्यासाठीही जाड फॉन्ट घ्या. नाजूक, लपेटी फॉन्ट स्क्रीनवर छान दिसतो, कापडावर राहत नाही.

दुसरं, मोबाइलवरून युनिकोडमध्ये टाइप करून पाठवाल आणि दुकानात जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर असेल तर जोडाक्षरं फुटतात. 'ज्योत्स्ना'चं 'ज्योत् स् ना' झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, पत्रिकेवर. डिझाइन घरीच करा, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) पीडीएफ द्या, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. आणि छपाईआधी प्रूफचा फोटो मागवून एकेक नाव मोठ्याने वाचा. मनात वाचलं की डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो.

लांब नावं दोन ओळींत टाकू नका. विशेषण लहान, नाव मोठं, एकाच ओळीत. 'समयसूचक सायली'त अक्षरं सगळ्यात जास्त आहेत, तिचं माप आधी काढा आणि बाकीच्यांचा अक्षर-आकार त्यावरून ठरवा.

करवली

सोन्यासारखी माहिती, दादा.

यादी झाली: गरुडझेप गौरी, भरवशाची भाग्यश्री, जगन्मित्र जुई, चतुरस्र चारू, रुबाबदार ऋतुजा, कर्तबगार क्षितिजा, दिलदार ज्ञानदा, ऐटदार ईशा, समयसूचक सायली, फर्मास फातिमा, डौलदार डिंपल, अजातशत्रू आत्या, मिश्कील मावशी, वस्ताद वहिनी, जिव्हाळ्याची ज्योत्स्ना. सगळ्यांना खासगीत कळवलं. ऋतुजाने पहिल्यांदा 'स्पेलिंग चुकलंय' असं उत्तर पाठवलं, मग पाच मिनिटांनी 'ओह' आणि हसणारे सहा चेहरे.

ताईचं मी ठरवलंय, ते इथे लिहीत नाही, ती हा धागा वाचते.

सिडकोची_सून

दोन-तीन कोऱ्या सॅश जास्तीच्या घे. ऐनवेळी कुणाची तरी मावसबहीण येतेच, आणि सगळ्यांच्या गळ्यात असताना ती एकटी तशीच बसलेली बरी दिसत नाही.

करवली

घेते. त्यावर तिथेच हाताने लिहायला कुठला मार्कर? घरातला पर्मनंट चालेल?

छपाईवाला

साटीनवर साधा पर्मनंट पसरतो, अक्षराला मिशा फुटतात. कापडाचा फॅब्रिक मार्कर मिळतो, मेन रोडला स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. आधी उरलेल्या तुकड्यावर लिहून बघा, आणि खाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर मागच्या ड्रेसवर उमटेल.